अक्षता पडायच्या आत

“अक्षतांच्या टायमाला छबूला नजरेआड करू नको गं सुमन. बिजवराचं लगीन हाय. पहिली बघाया येती.”

शेजारची धुरपताबाई हे बोलली तेव्हा सुमन हळदीचं ताट उचलत होती.

ती हसली.

“येऊ दे की काकू. जेवूनच जा म्हणावं.”

हे वाक्य आपण बोललो, याची सुमनला आजही शरम वाटते. सुमन म्हणजे माझी मावशी, आईची चुलतबहीण. आता तिनं साठी ओलांडली आहे. जे घडलं ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मी स्वतः आई झाल्यावर. ज्यांना खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, आणि त्यातली काही अजूनही त्या भिंतीकडं पाठ करून बसतात.

साल १९८६. मे महिना. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या, आणि सुमनचे यजमान तशाच एका कचेरीत कारकून होते. सुमन बी.ए. झालेली, चोवीस वर्षांची. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू.

गाव चाकूरपासून दोन कोस आत.

वेळ रात्रीची नाही. भर दुपारची. बारा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त होता.

लग्न होतं सुमनच्या थोरल्या भावाचं, शेषेरावाचं. दुसरेपणाचं. पहिली बायको कस्तुराबाई आदल्याच उन्हाळ्यात गेली होती. विहिरी इतक्या आटल्या होत्या की बाया तळापर्यंत उतरायच्या आणि झिऱ्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. कस्तुरा अशीच एका पहाटे उतरली. वर आली ती दोरानं बांधून आणलेली.

मागं राहिली तीन वर्षांची छबू.

छबूला कुणी विचारलं, “तुझी माय कुठं गं?” की ती सांगायची, “पानी आनाया गेली.”

आणि विचारणारा तोंड फिरवायचा.

लग्न खरं तर नवरीच्या गावी व्हायचं, कंधारकडं. पण तिकडं वऱ्हाडाला प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. नवरीचा बाप नरसिंग चार माणसं आणि लेक घेऊन इकडंच आला. इकडं निदान टँकर येत होता. दोन दिवसांआड, आणि येईल तेव्हा येईल.

आमच्याकडं एक रीत आहे. दुसरी बायको घरात येते तेव्हा पहिलीच्या नावाचा, तिची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक तिच्या गळ्यात घालतात. सवतीचा मान. तो दिला नाही तर पहिली सुखानं नांदू देत नाही म्हणतात. शेषेरावाच्या आणि सुमनच्या आईनं, कोंडाबाईनं, टाक सोनाराकडं टाकला होता. तो वेळेवर झाला नाही.

“घालू की मागून. आठ दिवसांनी काय बिघडतंय?” कोंडाबाई म्हणाली.

दुसरी रीत अशी, की बापाच्या अक्षता लेकरानं बघू नयेत.

म्हणून छबूला मांडवापासून लांब ठेवायचं ठरलं.

पोर दोन दिवसांपासून मलूल होती. टँकरच्या पाण्यानं पोट बिघडलेलं. सकाळी दहाच्या सुमारास सुमननं तिला गोठ्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत निजवलं. तेव्हा खोलीवर लिंबाची सावली होती. दाराखालच्या फटीतून थोडा वारा येत होता. छबूनं तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. झोप लागल्यावर सुमननं ते अलगद सोडवलं.

बाहेर येताना तिनं कडी घातली. पोर उठून मांडवात येऊ नये म्हणून. टँकरच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून.

“माय, छबूकडं लक्ष ठेव,” ती कोंडाबाईला म्हणाली. नवरदेवाच्या आईलाही अक्षता बघायच्या नसतात. ती आतच बसणार होती.

“हाव. ठेवते की. तू जा, जल्दी लुगडं बदल.”

सुमन गेली.

सावली किती वेळ टिकते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

बारा वाजले. मांडवात माणसं दाटली. माणिकप्पा भोंगेवाल्यानं लिंबाच्या फांदीला भोंगा बांधला होता आणि बॅटरीपाशी मांडी ठोकून तो विडी ओढत होता. गुरुजींनी अंतरपाट धरला. एकीकडं शेषेराव, एकीकडं नवरी. शेषेरावाच्या पाठीमागं करवली म्हणून सुमन उभी राहिली. हातात करा, कऱ्यावर दिवा. तिचं लेकरू यजमानांकडं.

“ताई, अक्षता संपेपर्यंत जागा सोडायची न्हाई. दिवा खाली ठेवायचा न्हाई, इझू द्यायचा न्हाई,” गुरुजींनी बजावलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडं ज्याला हौस येईल तो पुढं होऊन माइकवर म्हणतो. पहिलं गुरुजींनी म्हटलं. दुसरं नवरीच्या आत्यानं.

तिसरंही तिनंच सुरू केलं, आणि मधेच…

“थांबा.”

बाईचा आवाज. भोंग्यातून.

आत्या गप्प झाली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

“कुनाची म्हातारी घुसली रे माइकमदी?” कुणीतरी मागून ओरडलं. हशा पिकला.

माणिकप्पानं मान हलवली. “माइकपाशी तर कुनी न्हाई की ओ.”

“तुझा भोंगाच चळलाय माणिकप्पा. परवा निम्मं भजन गिळलं त्यानं!”

पुन्हा हशा. आत्यानं पुन्हा सूर लावला.

सुमन मात्र हसली नव्हती. तो आवाज भोंग्याचा वाटत नव्हता. विहिरीत तोंड घालून हाक मारल्यावर जसा घुमतो, तसा होता.

आणि तो ओळखीचा होता…

तिनं मनातून तो विचार झटकला. पदवीचा कागद हातात घेतलेली बाई ती. असलं काही नसतं.

तिसरं मंगलाष्टक संपायला आलं, तेवढ्यात पुन्हा…

“थांबा की ओ… लगीन थांबवा.”

आता कुणी हसलं नाही.

माणिकप्पा झटक्यात उठला. त्यानं बॅटरीची वायर उपटली. वायर त्याच्या हातात लोंबत होती, सगळ्यांना दिसत होती.

भोंगा तरी बोलला.

“थांबवा…”

माणिकप्पाच्या हातातली वायर खाली पडली. त्याची विडी धोतरावर पडून धोतर जळायला लागलं, तरी त्याला कळलं नाही.

कस्तुराचाच आवाज होता. गावानं तो दहा वर्षं ऐकला होता. पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, जात्यावर.

एकच गलका उठला. बायांनी लेकरं पोटाशी ओढली. शेषेराव अंतरपाटाआड लाकडासारखा उभा होता. त्याच्या मुंडावळ्या थरथरत होत्या.

नरसिंग लेकीपुढं येऊन उभा राहिला.

“आमची पोर सवतीच्या तोंडी द्यायची का? मला न्हाई करायचं हे लगीन! चल गं पोरी!”

“अहो पाव्हणं, असं अर्ध्यातून उठू नये. हळद लागलीय तिला,” गुरुजी म्हणाले.

“मग तिला इचारा की! भोंग्यातलीला इचारा, तुला काय पायजे म्हनून!”

पण विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. टाक झाला नव्हता. सवतीचा मान राहिला होता. म्हणून ती लग्न अडवून राहिली.

“कोंडाबाईला बलवा!” चारचौघं एकदम ओरडले.

कोंडाबाई आली. पण घरातून नाही आली.

वेशीकडून आली. नऊवारीचा काठ भिजलेला. काखेत अर्धीच भरलेली कळशी.

मुहूर्ताच्या तोंडावर टँकर आला होता. बाकी सगळ्या बाया मांडवात. अक्षता न बघणारी एकच बाई घरात होती. ती घागरी घेऊन गेली. न जाऊन करते काय? दोन दिवसांनी येणारा टँकर, दारात वऱ्हाड, आणि वीस मिनिटांत टाकी रिकामी.

सुमननं तिचा भिजलेला काठ बघितला.

“माय… छबूपाशी कोन हाय?”

“निजलीय ती.”

“कधी बघितलीस?”

“टँकर यायच्या आधी. गुमान निजली हुती. तू कडी घातलीयास की.”

“आता किती वाजले?”

“सुमन, हितं काय चाललंय, अन् तुझं काय!” कोंडाबाई खेकसली. “तुझी वैनी येऊन उभी राहिलीय दारात. पयलं तिचं बघू दे मला.”

मांडवातच पाट मांडला. टाकाच्या जागी सुपारी ठेवली. हिरवा खण, नारळ, हळदकुंकू. खण सापडेना म्हणून कुणी पळालं. नारळाला शेंडी नाही म्हणून दुसरा आणला. धांदलीत कुंकवाचा करंडा सांडला, तो अपशकुन म्हणून गुरुजींनी शांतीचं काहीतरी म्हटलं. सगळं नीट, रीतीनं चाललं होतं.

आणि ऊन चढत होतं.

सुमन दिवा धरून उभी होती. मांडवाच्या कापडाखाली ती घामानं निथळत होती. लिंबाची सावली आता कुठं असेल, याचा ती हिशेब करत होती. दहा वाजता खोलीवर होती. आता…

आता ती मांडवावर होती.

सुमनच्या डोक्यावर होती.

“माय, कुनाला तरी पाठव गं. कडी काढून बघून येऊ दे.”

“जाईल गं कुनीतरी! मन एका जागी ठेव, दिवा हलून राहिला तुझा.”

मग कोंडाबाईनं पाटापुढं डोकं टेकवलं.

“कस्तुरे, चुकलं बाई. टाक आला न्हाई सोनाराकडून. आठ दिसांत घालते. तुझ्या लेकीला परकी करनार न्हाई, पोटाशी धरीन. आता मार्गी लागू दे माझ्या लेकाचं.”

सगळा मांडव कान देऊन उभा राहिला.

भोंगा गप्प.

कुठं कुत्रं नाही, कावळा नाही. टँकरही निघून गेला होता.

“झालं. मानलं तिनं,” गुरुजींनी श्वास सोडला. “मुहूर्त टळायच्या आत उरकू. एकच मंगलाष्टक म्हणतो.”

नरसिंग कपाळ पुसत मागं सरला. माणसांच्या मुठीत अक्षता आल्या. अंतरपाट पुन्हा ताणला गेला.

आणि सुमनच्या अगदी कानापाशी…

“वन्सं…”

भोंगा नव्हता तो. मानेवर गार हवा लागली. ओल्या मातीचा वास आला.

कस्तुरा तिला वन्सं म्हणायची. कस्तुराशिवाय तिला तसं कुणीच म्हणत नव्हतं.

“वन्सं, जा की ओ…”

सुमननं वळून बघितलं. मागं नवरीकडची एक म्हातारी अक्षता घेऊन उभी होती. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. कुणीच काही ऐकलं नव्हतं.

आता सुमनला कळलं होतं.

टाक नव्हता पाहिजे तिला. ओटी नव्हती. शेषेराव तर नव्हताच पाहिजे.

“मी आलेच,” सुमन म्हणाली. तिचा आवाज फाटला. “गुरुजी, मी आलेच जाऊन.”

“ताई! दिवा!”

“कुनीतरी धरा हा!”

कुणी पुढं झालं नाही. पेटलेला दिवा करवलीच्या हातातून मधेच घेणं म्हणजे घराचं वाईट ओढवून घेणं. बाया दोन पावलं मागं सरकल्या. अंतरपाटाआडून शेषेरावानं मान वळवली. नुसतं बघितलं. एवढं होऊन गेल्यावर आता तू मोडू नको, असं ते बघणं होतं.

“दीड मिनिटाचं काम हाय ताई. उभ्या ऱ्हा,” गुरुजी म्हणाले.

सुमन उभी राहिली.

मावशीनं नंतर ते मंगलाष्टक कितीदा म्हणून बघितलं आहे, घड्याळ समोर ठेवून. दीडच मिनिट लागतं.

सावधान झालं. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. दिवा पाटावर ठेवून सुमन पळत सुटली.

गोठ्याला वळसा घातला, आणि ती थबकली.

पत्र्याची खोली उन्हात उभी होती. सावलीचं नाव नव्हतं. दारावरची हवा लवलवत होती.

कडी तशीच होती.

कडीभोवती, साऱ्या दारावर… ओल्या बोटांचे ठसे होते.

बाईच्या बोटांचे. एकावर एक, किती तरी. कुणी कडीवर शंभरदा हात टाकावा आणि शंभरदा तो निसटावा, तसे. तिच्या देखत ते वाळत चालले होते. त्या गावात त्या दिवशी हात धुण्यात कुणी थेंबभर पाणी घालवत नव्हतं.

मग तिची नजर खाली गेली.

दाराखालच्या फटीतून एक चिमुकला हात बाहेर आला होता. मूठ अर्धवट मिटलेली. कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

“छबू?”

हात हलला नाही.

सुमननं कडीला हात घातला. तळव्याचं कातडं सोलून निघालं. त्याचा डाग अजून आहे, मी बघितला आहे. दार उघडलं तसा आतून भट्टीचा झोत आला. छबू दारालगत पालथी पडली होती, गाल जमिनीला टेकवून. अंग तव्यासारखं.

बाहेर असलेला तो एक हात मात्र…

तो गार होता.

गार आणि ओला. नुकताच कुणीतरी हातात धरून सोडल्यासारखा.

चाकूरला नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि स्टेथोस्कोप काढून ठेवला. “जरा आधी आणायला पाहिजे होतं,” एवढंच म्हणाले. जरा म्हणजे किती, हे सुमननं विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

लग्न लागलं ते लागलंच. नवरी नांदली. आठ दिवसांनी सोनाराकडून टाक आला, तो तिच्या गळ्यात घातला. कोंडाबाई त्यानंतर दोन वर्षं जगली, पण टँकरच्या पाण्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. शेषेरावानं खोलीचे पत्रे उतरवून टाकले. उरली एक भिंत. ती पाडायला कुणी धजलं नाही.

“तिला कडी निघाली न्हाई गं,” मावशी मला म्हणाली होती. “भोंग्यातून बोलाया आलं, पर कडी निघाली न्हाई. असं कसं असंल?”

मांडीवर माझी दोन वर्षांची लेक निजली होती. मी नुसतं तिचं पाऊल धरून ठेवलं.

त्या दुपारनंतर मावशी कुणाच्याच लग्नाला गेली नाही. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी मे महिन्यात नांदेडला माझ्या आतेदिराचं लग्न होतं. मोठं मंगल कार्यालय, गार हॉल, चाळीस खोल्या. मीच हट्टानं मावशीला घेऊन गेले. एवढ्या वर्षांनी काय होणार आहे, म्हटलं. लेक वरच्या खोलीत निजली होती, माझी सासू तिच्याजवळ होती. मी दोनदा जाऊन बघून आले होते.

मंगलाष्टकं सुरू झाली. तिसरं चालू होतं, आणि मावशीनं माझं मनगट धरलं.

“ऐकलंस?”

मला खोटं बोलायचं नाही. मी ऐकलं.

“थांबा…”

मी जिने कशी चढले ते आठवत नाही. खोलीत सासूबाई पंख्याखाली बसल्या होत्या. लेक निजली होती. मी तिला उचललं, कपाळ बघितलं, हात बघितले. सगळं ठीक होतं. मग मावशीनं आणि मी वऱ्हाडातलं एकेक लेकरू शोधलं. बाया आमच्याकडं वेड्यासारख्या बघत होत्या. सगळी लेकरं होती.

वरच्या मजल्यावरची शेवटची खोली तेवढी बाहेरून कुलूपबंद होती.

“रिकामी आहे ती,” मॅनेजर म्हणाला. “कालची पार्टी किल्ली घेऊन गेली. संध्याकाळी आणून देतील.”

आम्ही दार वाजवलं. हाका मारल्या. आतून काही नाही. दाराखाली फट नव्हती. मॅनेजर कंटाळला. खालून जेवायला बोलावणं आलं. माझे यजमान म्हणाले, “पुरे आता, लोक काय म्हणतील?”

आणि आम्ही जेवायला गेलो.

पेपरात मी आठ दिवस बघितलं. काही आलं नाही. म्हणजे ती खोली रिकामीच असणार. असंच असणार.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. कस्तुरामामीची छबू तर त्याच दुपारी तिच्याकडं गेली. मायलेकींची भेट झाली. मग आता ती कुणाच्या लेकरासाठी लग्नं थांबवत फिरते?

त्या आठवड्यात नांदेडला कुणी लग्नाला गेलं असेल, तर मला कळवा. तुमची सगळी माणसं घरी परतली ना, एवढंच कळवा.

आणि आत्ता हे वाचताना तुमचं लेकरू दुसऱ्या खोलीत, लोटलेल्या दाराआड निजलं असेल… तर उठा. दाराशी उभं राहून कानोसा घेऊ नका, आत जा. त्याचा हात धरून बघा.

ऊबदार आहे ना?

आणि कोरडा?